मामांची शेळी आणि माझी सही

मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत झालं आणि व्यायामासाठी त्यांनी काही महिने इथंच राहायचं ठरलं. आमच्या घरात झोपायच्या खोल्या माडीवर; मामींना जिना चढवेना. म्हणून मामांनी आमच्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं बघितल्या. मामा माण तालुक्यातले, पलटणीतून निवृत्त झालेले. घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "इथलं कुणीतरी हमीदार लागेल." मी लगेच पेन उघडलं. मला वाटलं, ही सही म्हणजे लग्नातल्या अक्षता. टाकायच्या आणि जेवायला बसायचं.

बाईंनी मला थांबवलं. "साक्षीदार नुसता बघतो. हमीदार बांधला जातो. हे चुकले तर मी तुमच्याकडे येणार."

"मामा शिस्तीतले आहेत, ते कशाला चुकतील?" म्हणत मी सही ठोकली.

थोड्याच दिवसांत मामांनी गावाकडनं शेळी आणली. पाठोपाठ बाई करार घेऊन माझ्या दारात. शेळीनं त्यांचा मोगरा मुळापर्यंत खाल्ला होता आणि कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या ठेवल्या होत्या.

बाईंना घेऊनच मी मामांना गाठलं. "मामा, पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत असं लिहिलंय."

"पाळलीय कुठं? तुझ्या मामीला दूध लागतंय म्हणून आणलीय. पावनी हाय ती."

"पाहुणी मोगरा खाते?"

"मग काय उपाशी ठेवायची व्हय पावनीला?"

बाईंना हसू आवरेना, पण त्या हटल्या नाहीत. शेळी हलली नाही तर खोल्या रिकाम्या करायच्या, आणि रोपं हमीदारानं लावून द्यायची. मामींना त्या अवस्थेत कुठं हलवणार? शेळी आमच्या परसात आली. मी नवी रोपं आणली आणि बाईंच्या अंगणात उकिडवी बसून लावली. बाई खुर्चीतून खड्डा किती खोल हवा ते सांगत होत्या.

मामा रोज सकाळी धार काढायला यायचे आणि जाताना माझ्या चहाला नावं ठेवायचे. नवरा ऑफिसातून आला की विचारायचा, "आज कुठं सही केलीस का?"

मामी काठीशिवाय चालू लागल्या, तशी दोघं शेळीसकट गावी गेली. निघण्याआधी मामांनी दोन्ही खोल्यांना स्वतः रंग दिला. बाई खूश झाल्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "नवीन भाडेकरूंचं इथं ओळखीचं कुणी नाही. तुम्ही राहाल का हमीदार?"

म्हटलं, "आधी माणसं बघते, मग कागद वाचते. सहीचं त्यानंतर बोलू."