उसन्या सुताचा नकाशा

"नरसय्याचं काम आजपासून बंद," मालक म्हणाले. "आपलं सूत शेजाऱ्याला उसनं देतोय. ही काय धर्मशाळा हाय?"

सोलापूरच्या एका टॉवेल कंपनीत मी सप्लाय चेन बघते. नरसय्या काका आम्ही दिलेल्या सुताचे टॉवेल स्वतःच्या शेडमध्ये विणून देतात. आमच्याकडचं काम गेलं, तर त्यांचे माग भंगारात जाणार.

"मालक, संध्याकाळपर्यंत थांबा."

माझ्या स्क्रीनवर नकाशा होता. सूतगिरणी, व्यापारी, माग, शिलाई, प्रत्येकाचा एक ठिपका. माल जातो तिथे रेघ. हे नेटवर्क. एखादा ठिपका पुसायचा आणि बाकीचे किती चालू राहतात ते बघायचं. सुताचा मुख्य व्यापारी पुसला की निम्म्या मागांचे ठिपके विझत. पण गेल्या पावसाळ्यात त्याच व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं होतं, तरी टॉवेल वेळेवर आले होते. म्हणजे नकाशात काहीतरी राहून गेलं होतं.

मी काकांकडे गेले. वीज गेलेली. माग गप्प. झरोक्यातल्या उन्हात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगत होते, की दुपार थांबल्यासारखी वाटली.

"उसनं कोणाला देता, काका?"

"ज्याचं संपलं त्याला. माझं संपलं की तो देतो. तो पण तुमचंच विणतो की गं! त्याचा माग थांबला तर टॉवेल कुणाचा अडतो?"

मी शेडोशेड विचारत फिरले. ऑफिसात येऊन उसनवारीच्या रेघा ओढल्या. ठिपके त्या तंतूंसारखे तरंगू लागले, एकमेकांना धरून. व्यापारी पुसला. एक सोडला तर सगळे माग चालूच राहिले.

"याला तुम्ही चोरी म्हणता," मी मालकांना म्हटलं, "आणि याच्याच जोरावर वेळेवर डिलिव्हरी देता. मला हे पटत नाही."

मालक रागावले नाहीत. स्क्रीनकडे बघत राहिले.

"हितं एक विझलाय. कुणाचा?"

"आपल्या स्वतःच्या शेडचा. आपण कोणाला देत नाही, म्हणून आपल्याला कोणी देत नाही."

मालकांनी त्या विझलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"नरसय्याचं काम चालू ठेव. आणि विचार त्याला, अडचणीत आपल्याला देशील का म्हणून."

फोनवर काका हसले. "देतो की! पण आधी मालकांनी द्यावं म्हणा."

दुसऱ्या दिवशी आमच्या शेडमधून सुताचं एक पोतं काकांच्या शेजाऱ्याकडे गेलं. मी नकाशात रेघ ओढली.

तेव्हापासून मी बिलं नंतर बघते. ज्यांचं बिल होत नाही, त्या रेघा आधी शोधते.