अ‍ॅगामेम्नॉनला कोण मारतंय?

"क्लायटेम्नेस्ट्राने परत अ‍ॅगामेम्नॉनला मारलं!" माझ्या टीममधला समीर ओरडला. सकाळचे दहा वाजले होते आणि अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या ऑफिसात हा तिसरा खून.

हे आमचे दोन सर्व्हर. मॅनेजर निक ग्रीक घराण्यातला, म्हणून नावं त्याने ठेवली, ग्रीक पुराणातल्या राजा-राणीची. जनावरांच्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट्स त्यांच्यावर चालायच्या. एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. पण पडलेला अर्धवट जिवंत राहून डेटाची वाट लावेल, म्हणून दुसऱ्याने आधी त्याची पॉवर तोडून त्याला रीबूट करायचं. याला फेन्सिंग म्हणतात. म्हणजे आधी गोळी, मग विचारपूस.

दोघांमधली केबल ढिली झाली होती. राणीला राजाची हाक ऐकू येईना. मेला वाटतं, म्हणून तिने गोळी घातली. चार मिनिटांत राजा उठला, त्यालाही हाक ऐकू येईना, मग त्याने तिला घातली. असं चक्र सुरू.

तेवढ्यात दवाखान्याच्या डॉक्टर लिंडाचा फोन. "केतकी, वेटिंग रूममध्ये अकरा कुत्री आणि एक पोपट आहे. बारापर्यंत सुरू झालं नाही तर मी दुसरी कंपनी बघते."

टीम लीड होऊन मला तीन आठवडे झालेले, आणि क्लायंट हा एकच.

समीर नागपूरचा, वाचनाचं भारी वेड. "ताई, हे घराणंच शापित आहे ना! राजाने पोरीचा बळी दिला, म्हणून राणीने राजाला मारलं, म्हणून पोराने आईला मारलं."

"निक, तुला हे माहीत होतं?"

"मला वाटलं, त्यांचं छान चाललं होतं," निक म्हणाला.

"मग थांबलं कसं ते?" मी वैतागून समीरला विचारलं.

"अथीना देवीने त्या पोरासाठी कोर्ट भरवलं. मतं समसमान पडली, तिच्या मताने निकाल लागला."

मी कपाळाला हात लावला. अरे देवा, मतं! दोन सर्व्हरच्या जोडीला एक छोटा तिसरा लागतो. त्याचं मत मिळाल्याशिवाय कुणी गोळी घालायची नाही. सेटअप माझाच होता, आणि 'तिसरा नंतर लावू' म्हणणारी शहाणीही मीच.

केबल बदलली, तिसरा उभा केला. निकने लगेच त्याचं नाव अथीना ठेवलं. पावणेबाराला सिस्टीम सुरू झाली आणि टिकली.

"लिंडाला नेटवर्क प्रॉब्लेम सांग," निक म्हणाला. तसं ते अर्धं खरंही होतं, पण मला काही ते पचेना. मी फोन करून चूक माझी असल्याचं सांगून टाकलं. पलीकडे पोपट ओरडत होता.

"दोघंच ठेवलीस?" लिंडा म्हणाली. "अगं, माझ्या रिसेप्शनला दोघी बहिणी आहेत. पहिल्याच आठवड्यात मी मध्ये तिसरी बाई बसवली."

क्लायंट टिकला. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये तिसरं कुणीतरी बसवावं, एवढं कळायला ग्रीकांचं अख्खं घराणं खर्ची पडलं आणि माझी एक सकाळ. जनावरांच्या डॉक्टरला ते आधीच माहीत होतं.