मामांची बेमुदत रजा

माझ्या बायकोच्या मामांइतका शब्दाला चिकटून राहणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या छापखान्यात ते खिळे जुळवत आणि मी तिथला मॅनेजर. त्यामुळे घरी मी त्यांच्या पाया पडे, आणि छापखान्यात ते माझ्या चुका काढत. घरी मी 'जावईबापू', छापखान्याच्या उंबरठ्याच्या आत 'मॅनेजर'. या दोन हाकांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

उलटे खिळे वाचून वाचून त्यांना सुलटं वाचणं बेचव वाटू लागलं होतं. वर्तमानपत्र ते समोरच्याच्या हातातलं, पलीकडून वाचत. धक्क्यावर 'येथे थुंकू नये' अशी पाटी लागली, तेव्हा ते मोजून दोन पावलं बाजूला सरकले आणि थुंकले. शिपाई धावून आला तर म्हणाले, "येथे म्हणजे तिथे. मी इथे आहे." एकदा एक गृहस्थ वडील वारल्याचा मजकूर छापायला घेऊन रडत रडत आले. मामांनी कागद वाचला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि फार हळुवारपणे विचारलं, "'दुःखद' मधला विसर्ग तुम्ही विसरलात, की वडिलांना आवडत नसे?" ते गृहस्थ रडायचे थांबले, हे मात्र खरं.

अशा माणसाने एका भाद्रपदात विषमज्वराने अंथरूण धरलं. ताप उतरला, पण अंगात उभं राहण्याचं त्राण येईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सरकारी कचेरीत आजाऱ्याला काही नियम असतील. आमच्याकडे मालकांची मर्जी हाच नियम. एके दिवशी मालक मला म्हणाले, "मुंबईहून नवा माणूस आगबोटीने येतोय. तुमच्या मामेसासऱ्यांना रजा द्या."

म्हणजे काय करायचं ते मला कळलं होतं. मी पाच कागद फाडले. 'कामावरून दूर' लिहिलं की मामींचा चेहरा दिसे. 'बडतर्फ' लिहिलं की बायकोचा. शेवटी मालकांचाच शब्द उचलून लिहिलं: 'प्रकृतीच्या कारणास्तव आपणांस आजपासून रजा देण्यात येत आहे.' पत्र शिपायाच्या हाती पाठवलं. त्यांच्या आळीतून जाणंही मी सोडलं. बायकोने विचारलं, "मामांना काय लिहिलंत हो?" मी म्हणालो, "रजेचं." तिला इतका आनंद झाला की तिने शिरा केला. तो मी खाल्लाही.

शिमगा झाला आणि एका सकाळी कानटोपी घातलेले, निम्मे झालेले मामा काठी टेकत छापखान्यात आले. आपल्या जागी बसलेल्या नव्या माणसाला म्हणाले, "माझ्या बदली आलात ना? खिळ्यांचे खण बरे ठेवलेत. उठा आता."

मालक बाहेर धावले. "अहो, तुम्हाला काढलंय!"

"कोणी?"

"पत्र नाही मिळालं?"

मामांनी खिशातून पत्र काढलं. "हे? यात रजा आहे. किती दिवसांची ते लिहिलेलं नाही, म्हणजे बरा होईपर्यंतची. आज बरा झालो, आलो."

"रजा द्या म्हणजे घालवून द्या!"

"ती पाहुण्याला देतात ती, मालक. नोकराला देतात त्या रजेवरून परत यायचं असतं."

"मॅनेजर, तुम्ही सांगा," मालक माझ्यावर ओरडले, "काय अर्थ होता तुमचा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पत्राकडेच बघत होते, आणि 'रजा' या शब्दावर त्यांनी बोट घट्ट दाबून धरलं होतं. तेव्हा मला उमगलं, की मामांना माझा अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता.

"रजा म्हणजे रजाच, मालक," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"एकाच घरची माणसं!" असं पुटपुटत मालक आत गेले. पावसाळ्यापूर्वीची लग्नपत्रिकांची कामं साचली होती, दोन्ही माणसं लागणारच होती. नव्या माणसाला खिडकीजवळ जागा मिळाली आणि मामा आपल्या स्टुलावर बसले. नंतरची सात वर्षं ते तिथेच बसले, आणि माझ्या चुका पूर्वीइतक्याच मोठ्याने काढत राहिले. त्या पत्राबद्दल मात्र आमच्यात एक अक्षर निघालं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. दिवस झाल्यावर मामींनी मला ओटीवर बसवून सांगितलं, "पत्र आलं तेव्हा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते हो. जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चष्मा मागितला, पुन्हा वाचलं आणि उठून बसले. म्हणाले, 'जावईबापूंनी दार उघडं ठेवलंय. पेज आण.'"

मी दार उघडं ठेवलं नव्हतं. ते धाडकन लावायला लागतो तेवढा धीर माझ्यापाशी नव्हता, इतकंच. मामींचे डोळे भरून आले होते आणि त्या माझ्याकडे फार मायेने बघत होत्या. मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही.