ओढ्याच्या तोंडाशी कुणी मासे धरत नाही

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, देवापुढंही नाही. दुसरीत शाळा सुटली माझी, तरी हे स्वतःच्या हातानं लिहितोय. पोराकडून लिहून घेतलं असतं तर पोराला कळलं असतं, आणि पोरापुढं मान खाली घालायची मला सवय नाही. अक्षर वेडंवाकडं हाय. असू द्या.

आधी माझा राग सांगतो. मासेमारीचे नियम ठरवायचे म्हणून सरकार लोकांचं म्हणणं मागवतं. कसं मागवतं? तालुक्याच्या कचेरीत आतल्या भिंतीला कागद डकवून. धरणाच्या पाण्यावर राबणारा माणूस त्या भिंतीपाशी कशाला मरायला जाईल? वर सभा ठेवायची सोलापुरात, आणि तीही नेमकी आमच्या बाजाराच्या दिवशी. पंखे, माईक, कागदी कपात घोटभर चहा. ‘प्रजनन क्षेत्र’ काय, ‘संबंधित घटक’ काय! घटक म्हणजे आमी. शेवटाला विचारणार, कुणाची हरकत आहे का? अरे, कशाला हरकत घ्यायची तेच कुणाला उमगलेलं नसतं!

हा राग मी चावडीवर ओकलाय, एसटीत ओकलाय. लोक म्हणतात, म्हातारा खरं बोलतो.

राग खोटा नाही. पण त्याच्याखाली मी काय झाकून ठेवलंय — सांगतो. जरा दम घेऊ द्या.

माझा धाकटा भाऊ होडी उलटून गेला. मागं त्याची बायको, शेवंता. तेराव्याला भावकीसमोर मी छाती ठोकून म्हणालो, माझी चूल पेटतीय तोवर हिची विझणार नाही. लोक अजून त्या बोलण्याचं नाव काढतात. आणि दिलं काय मी? दिवाळीला एक लुगडं. तेही पहिली काही वर्षं.

ती मागायला आली नाही. ओढा धरणाच्या पाण्याला मिळतो तिथं कमरेएवढंच पाणी असतं. तिथं ती लुगड्याचा काचा मारून उतरायची, धाकट्यानं विणलेल्या जाळ्याचा फाटका तुकडा दोन काठ्यांना बांधून चिलापी मासा धरायची, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. आमच्यात गडी मासे धरतो, बाई विकते. बाई पाण्यात उतरली म्हणजे तिला बघणारं कुणी नाही, असा त्याचा अर्थ. मी होडीतून जाताना तोंड फिरवायचो. लाज मला तिची वाटायची — माझी नाही. असला मी.

मग त्या सभेची बातमी आली. ओढ्यांच्या तोंडाशी मासा अंडी घालतो, तर तिथली मासेमारी बारमाही बंद करायची का, बारीक जाळी बंद करायची का, असं विचारणार होते. गावानं बोलायला माझं नाव घेतलं. दुसरं कुणाचं घेणार?

आदल्या दिवशी शेवंता आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“भावजी, माझं तेवढं घाला की त्यांच्या कानावर. मला होडी न्हाय. तेवढंच पाणी हाय माझं.”

मी व्हय म्हणालो. ती म्हणाली, मीबी येते. मी सांगितलं, बायकांना बोलावणं नाही. तसं कुणीच म्हटलं नव्हतं.

सभेत मी होडीवाल्यांचं दणकून मांडलं. बारीक विणीचं वडाप जाळं बोटाएवढं पिल्लूसुद्धा सोडत नाही, ते आधी बंद करा म्हणालो. टाळ्या पडल्या. मग साहेबानं नकाशावर बोट ठेवलं आणि मला विचारलं. ह्या खेपेला अवघड शब्द एकही नव्हता, हे लक्षात घ्या.

“आजोबा, इथं ओढ्याच्या तोंडाशी कुणी पायी उतरून मासे धरतं का? असेल तर त्यांच्यासाठी एक पट्टा मोकळा ठेवू.”

मागं सगळी भावकी बसलेली. व्हय म्हणालो असतो, तर पुढं विचारलं असतं — कोण?

“कुणी न्हाय,” मी म्हणालो.

नियम झाला. काठावर फलक लागला. राखणदार आले आणि शेवंताचं जाळं घेऊन गेले. धाकट्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं तिच्याजवळ. ती माझ्याकडं आली. “तुमी सांगितलं हुतं न्हवं?”

“घसा फोडून सांगितलं. ऐकतंय कोण?”

तिनं मान हलवली. तेव्हापासून ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आणि मी चावडीवर सरकारला शिव्या घालतो, तिच्यासाठी.

यंदा पुन्हा सभा झाली. ह्या वेळी ती मला न विचारता आली. साहेब नवा, पोरसवदा. ती मागून उठली, पदर खोचला आणि सगळ्यांदेखत त्याला धारेवर धरलं.

“ह्यांनी मागल्या सभेत माझं सांगितलं हुतं. घसा फोडून सांगितलं. तुमी ऐकलं न्हाय. असल्या माणसाचा शब्द खाली पाडला तुमी.”

साहेब खुर्चीवरून उठला. मला हात जोडले. म्हणाला, “आजोबा, चूक आमची आहे.” पट्ट्याचं बघू, असंही म्हणाला.

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी मान डोलावली — मोठ्या मनानं माफ केल्यासारखी.

परतीच्या एसटीत एकच जागा मोकळी होती. शेवंतानं ती मला दिली आणि गाव येईपर्यंत दांडा धरून उभी राहिली.

मी बसलो.