हुसेनबीने शिकवलेला ‘ह’

माझ्या तोंडून कुराण चुकीचं बाहेर पडतं, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मशिदीच्या अंगणात, माझ्या सतरा विद्यार्थ्यांच्या देखत कळलं. साठ सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. आम्ही आटपाडीकडच्या एका लहान गावात राहत होतो. मुसलमानांची घरं पंचवीस-तीस. आमचे हे कापूस पिंजून गाद्या भरायचे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पदरी मूल नव्हतं. गावचे म्हातारे मौलवी वारले आणि त्यांच्यामागं मुलांना कुराण शिकवायला कुणीच उरलं नाही, तेव्हा गल्लीतल्या बायका माझ्याकडे आल्या. “भाभी, तुमाला वाचता येतं. आमच्या पोरास्नी तेवढं दावा की.” मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर शिकवण्याच्या हौसेपेक्षा घरात सकाळी मुलांचा आवाज होईल, याचाच मला जास्त आनंद झाला होता.

फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज झाली की मुलं यायची. अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, ज्याला आम्ही कायदा म्हणतो, ते छातीशी धरून ओळीनं बसायची आणि मी म्हणेन ते एका सुरात म्हणायची. मला आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं, आणि तिला कुणी, ते ठाऊक नाही. जसं कानावर आलं तसं आम्ही पुढं देत आलो. दोन वर्षांत मुलं अक्षरं जोडायला लागली, कुराणातले लहान लहान सूरे, म्हणजे अध्याय, पाठ म्हणायला लागली. त्यांत आठ वर्षांची शकीला सगळ्यांत हुशार. एकदा ऐकलं की तिला पाठ, आणि वर दहा प्रश्न. तिच्याकडे बघून माझ्या मनात गर्व यायचा, हेही आता कबूल करते.

त्या सुमारास साताऱ्याहून एक मौलाना गावात आले. वडीलधाऱ्यांनी मोठ्या कौतुकानं मुलांना त्यांच्यापुढं उभं केलं. मी मशिदीच्या दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होते. शकीलानं खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. मौलानांनी तिला एक ओळ पुन्हा म्हणायला सांगितली, मग आणखी एकदा. मग ते दाराच्या दिशेनं वळून म्हणाले, “बेटी, अरबीत ‘क’ दोन आहेत. एक आपला नेहमीचा, दुसरा घशाच्या मुळातून येतो. इथं दुसरा हवा, नाहीतर ‘हृदय’ म्हणायचं ते ‘कुत्रा’ होतं. ‘ह’सुद्धा दोन आहेत, आणि या मुलांना तर एकही येत नाही.” मागच्या रांगेतली मुलं खुदकन हसली. मौलाना रागावले नव्हते, उलट हळू आवाजात बोलत होते, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. जाताना ते एवढंच म्हणाले, “पाया वाकडा असेल तर भिंत थांबवलेली बरी. चांगला उस्ताद मिळेपर्यंत धीर धरा.”

दुसऱ्या दिवशी मी वर्ग बंद केला. ज्या कामानं पुण्य मिळावं त्यातूनच मी सतरा मुलांच्या तोंडी पाप घातलं, असं माझ्या मनानं घेतलं. सकाळी कडी वाजली. दारात शकीला उभी होती.

“उस्तानी, आज सबक न्हाई?”

“नाही बाळ. काही दिवस नाही.”

ती जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग खालच्या मानेनं म्हणाली, “माज्यामुळं व्हय?”

मला त्याच क्षणी तिला जवळ घेऊन खरं सांगता आलं असतं. पण मी “जा घरी” एवढंच म्हणाले आणि दार लोटलं. चूक माझी आहे हे त्या लेकराला सांगायची लाज मला आडवी आली. चार-पाच दिवसांनी तिची आई भेटली तेव्हा म्हणाली, “पोरगी गप झालीया, भाभी. नमाजेतबी तोंड उघडत न्हाई. चुकंल म्हनती.”

त्याच आठवड्यात गंगूबाई उशीचा कापूस पिंजून न्यायला आमच्याकडं आली. आमच्या मागच्या वस्तीतली ती, सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, “भाबी, पोरांचा आवाज का येत न्हाई? सकाळ झाल्यागतच वाटंना.” का कोण जाणे, जे मी नवऱ्याला धड सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. ती हसली.

“आवं, आमची वंदना पाली भाषेत. माजी जीभ काय वळंना. माजाच ल्योक मला हसायचा. मी म्हनलं, हस गड्या, पन बरोबर काय ते सांग. मोठ्यानं म्हनलं म्हनून चुकी तरी कळली. गप बसलं आस्तं तर कोन काय सांगनार व्हतं?”

ती कापूस घेऊन गेली. संध्याकाळच्या नमाजेनंतर हात पसरले. दुआ लांबलचक नव्हती. म्हटलं, या अल्लाह, जीभ तूच दिलीस, ती ही अशी आहे. काम काढून घ्यायचं असेल तर माझ्या मनातूनही काढून घे. ठेवायचं असेल तर सुधारणारा पाठव. मागताना माझा विश्वास अर्धाच होता. आमच्या त्या कोपऱ्यातल्या गावात, जिथं एसटीसुद्धा दिवसातून दोनदा यायची, तिथं कोण येणार होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी गावच्या फाट्याला जतकडं जाणाऱ्या एसटीच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. उतारू सावली शोधत गावात पांगले. त्यांतली एक म्हातारी बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या दारात आली. काळीसावळी, काटक, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. नाव हुसेनबी. विजापूरकडची, गावोगाव बांगड्या भरत फिरणारी. तिनं वजूला, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी मागितलं, अंगणात नमाज पढली आणि मग पाटीतल्या बांगड्या नीट लावता लावता स्वतःशीच कुराण म्हणू लागली. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. माझे हात थांबले. आवाज मोठा नव्हता, पण एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं वेगळं ऐकू येत होतं. दोन ‘क’ आणि दोन ‘ह’ कसे असतात, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली.

“अम्मा, हे कुठं शिकलात?”

“माझे अब्बा हाफिज होते, बेटी. सगळं कुराण तोंडपाठ. त्यांना मुलगा नव्हता. मग माझ्याकडनंच पाठ करून घेतलं. बारा वर्षांची होते मी.”

म्हणजे ही बांगडीवाली बाई पूर्ण कुराण हृदयात घेऊन उन्हातान्हात फिरत होती. मी पिठाच्या हातानंच तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. मौलाना, मुलांचं हसणं, शकीलाचा प्रश्न, मी लोटलेलं दार. शेवटी विचारलं, “मला शिकवाल?” तिचा हात बांगड्यांवर थांबला. ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो. मग ती म्हणाली, “उद्या पोरांना बोलव.” दुसऱ्या दिवशी सकाळी बस दुरुस्त होऊन निघाली तेव्हा हुसेनबी तिच्यात नव्हती.

थंडीचे दिवस होते. आमच्या माळरानावर थंडी लय बोचरी. मुलं घोंगडी गुंडाळून आली. शकीलाला मी स्वतः जाऊन हाताला धरून आणलं होतं. सगळी बसल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी शकीला चुकली नव्हती. मी चुकीचं शिकवलं होतं. आजपासून मीही तुमच्याबरोबर शिकणार.” बोलून झालं आणि मी शकीलाच्या शेजारी, तिच्याच सतरंजीवर जाऊन बसले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या घोंगडीचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं.

हुसेनबीनं पुस्तक उघडलंच नाही. म्हणाली, “मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर काय करता?” सगळी ओरडली, “हाऽऽ!” “हौदु!” ती म्हणाली. हा तिचा कानडी ‘बरोबर’. “तसाच छातीतनं काढा. बघू कुणाच्या तोंडातनं जास्त वाफ निघती.” मग काय, अंगणभर नुसता हाहाकार! आमच्या भागात एरवी ‘ह’ला कोण विचारतं? आम्ही ‘आमी’ म्हणणार, ‘तुमी’ म्हणणार. अल्लाहच्या स्तुतीचा पहिला शब्द ‘अल्हम्दु’, तोही आमच्या तोंडी ‘अलम्दु’ झाला होता. त्या सकाळी सतरा मुलं आणि एक बत्तीस वर्षांची बाई गार हवेत ‘ह’ सोडत होतो आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर त्याचा ‘ह’ पांढरा होऊन दिसत होता. घशातल्या ‘क’साठी तिनं खुडूक कोंबडीची नक्कल करायला लावली. घशातल्याच आणखी एका अक्षरासाठी धनगराच्या कोकरासारखं ओरडायला सांगितलं, तेव्हा पलीकडच्या वाड्यातल्या खऱ्या कोकरांनी उत्तर दिलं आणि हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. कुराण शिकताना इतकं हसता येतं हे मला माहीत नव्हतं. मी शिकले होते ते छडीच्या धाकात.

मुलांच्या जिभा लवकर वळल्या, माझी वळेना. एका अक्षरावर मी चार दिवस अडले होते. रडकुंडीला आले तशी हुसेनबीनं माझा हात हातात घेतला आणि बोटांची पेरं हळूहळू दाबत म्हणाली, “जोर करू नको. जोरानं बांगडी फुटती. हात ढिला सोड, ती आपोआप चढती. आणि ऐक, अडखळत, कष्टानं जो वाचतो त्याला दुप्पट पुण्य आहे, असं अब्बा सांगायचे. तू तर आमच्या सगळ्यांपेक्षा श्रीमंत होणार बघ.” पाचव्या दिवशी शकीला माझ्या कानाशी लागून म्हणाली, “उस्तानी, आजून आतनं. पोटातनं.” आणि ते अक्षर आलं! मुलांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवरून गंगूबाई डोकावून म्हणाली, “आली का जीभ ताळ्यावर?” आमचे हे आत कापूस पिंजत होते, त्यांच्या धनुकलीचा ठोकाही दोन घटका थांबला होता.

हुसेनबी बावीस दिवस राहिली. सकाळी शिकवायची, दिवसा आसपासच्या गावांत बांगड्या भरायची, संध्याकाळी माझा धडा पुन्हा ऐकायची. मग कवठे महांकाळहून निरोप आला, तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते. निघायच्या दिवशी सगळ्या मुलांसह फाट्यावर बसची वाट बघताना मी तिचे पाय धरायला वाकले. “अम्मा, मी दुआ मागितली आणि तीन दिवसांत तुम्ही आलात. हे उपकार मी कसे फेडू?”

तिनं मला अर्ध्यातच उचललं. तिचे डोळे भरले होते. “तू तीन दिवस मागितलंस, बेटी. मी तीस वर्षं मागत होते. अब्बा गेले, लग्न झालं, पाटी डोक्यावर आली. बांगडीवालीला कोण विचारणार, तुला कुराण येतं का? विसरू नये म्हणून मी वाटेनं बाभळींना म्हणून दाखवायची. रोज म्हणायची, या अल्लाह, मरायच्या आत एकानं तरी म्हणावं, मला शिकव. त्या दिवशी तू विचारलंस, तेव्हा मला बोलताच आलं नाही.”

मला वाटत होतं, गरजू मी आणि देणारी ती. तोवर बस आली. हुसेनबी खिडकीशी बसली आणि कुणी सांगितलं नसताना शकीलानं सुरुवात केली. मागोमाग सोळा आवाज. कुराणाचा पहिला सूरा, अक्षर न् अक्षर सुटं, ‘ह’ छातीतून आणि ‘क’ घशातून. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, तो त्यानं खाली घेतला. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं तर कंडक्टरच म्हणाला, “होऊ द्या, होऊ द्या. देवाचं हाय.” बसमधले फेटेवाले, पाटीवाल्या, सगळे कान देऊन ऐकत होते. मुलं थांबली तेव्हा हुसेनबीनं खिडकीतून हात काढून एकेकाच्या डोक्यावर ठेवला, शेवटी माझ्या. मग बस धुरळा उडवत गेली, आणि मुलं तिच्यामागं ओढ्यापर्यंत नाचत पळाली.

नंतर मी चोवीस वर्षं शिकवलं. किती मुलं हाताखालून गेली, मोजली नाहीत. एसटीचा तो पाटा योगायोगानं तुटला की कसा, हे मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की आधी मी स्वतःला अल्लाहच्या हवाली करणं म्हणजे मुकाट बसणं समजत होते. हवाली करायची असते ती आपली चूकसुद्धा, चारचौघांत, मोठ्यानं. ती झाकून ठेवली होती तोवर मी एकटी होते. उघडी केली, तर एका आठवड्यात माझ्या अंगणात माणसं मावेनात. त्या सगळ्यांसाठी अल्लाहचे आभार मानते. अजूनही पहाटे कुराण उघडते तेव्हा क्षणभर भीती वाटते, आज कुठं चुकेल. मग ती भीती त्याच्याकडं देते आणि तोंड उघडते.