कावळ्याशी वाटाघाटी

जेवण झालंय, पंखा फिरतोय आणि मी सोफ्यावर डाव्या कुशीवर आहे. चार वाजता अभ्यासमंडळाची बैठक आहे. तिथे टेंभे सरांचा पेपर रद्द करायचाय. माझं काम फक्त मान हलवायचं. त्यासाठी विश्रांती लागते.

डोळा लागतोय न लागतोय तोच पावलांवर वजन येतं. सर माझ्या पायांशी बसलेत. सरांना जाऊन महिना झाला.

"उठू नकोस, उपासनी," ते म्हणतात. "तू झोपेतच बरा ऐकतोस."

"सर, बैठक आहे."

"म्हणून तर वर्गावर चल."

सोफा तसाच आहे, पण आता तो आमच्या कॉलेजातला शेवटचा बाक आहे. सर फळ्यापाशी. त्यांनी आयुष्यभर परराष्ट्र धोरण शिकवलं आणि आयुष्यभर एकच तक्रार केली: सगळे सिद्धांत दोन-तीन बड्या देशांच्या मापाने शिवलेत. तेच उरलेल्या जगाला घालून बघायचे, आणि बसले नाहीत की म्हणायचं, या देशाचं अंगच वाकडं. म्हणून त्यांनी नवा पेपर आखला. मलावी, लाओस, सुरिनाम आपापलं धोरण कसं ठरवतात, ते त्यांच्या बाजूने बघायचं. अभ्यासमंडळाने 'स्तुत्य' असा शेरा मारून तो कपाटात ठेवला. आज तो रीतसर रद्द करायचा.

वर्गात कुणी नाही. सर हजेरी घेतात.

"लाओस."

"हजर," रिकामा बाक म्हणतो.

"मलावी."

"हजर." हा आवाज बाईचा, अगदी माझ्या कानाशी. श्वास गार आहे.

"आणि बडे देश, सर? ते गैरहजर?"

"ते वर्गात कशाला बसतील? ते परीक्षक."

मागच्या दारातून पाणी येतंय. फरशीची पायरी होते, पुढची पायरी पाण्याखाली, आणि आम्ही सांगलीच्या घाटावर आहोत, सरांच्या दहाव्याला होतो तिथेच. सर गुडघाभर पाण्यात. त्यांच्यामागे नदीला पैलतीर नाही. पायरीवर केळीच्या पानात भाताचा पिंड, आणि कठड्यावर तोच कावळा.

त्या दिवशी तो शिवलाच नव्हता. मुलाने वचन दिलं, बाबा, फ्लॅट विकणार नाही. सुनेने दिलं, आईंना अंतर देणार नाही. कावळा नुसता बघत राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून काम भागवलं आणि मंडळी जेवायला गेली. मीही गेलो. मठ्ठा बरा होता.

"मी इथंच अडकलोय रे," सर म्हणतात. "आणि पाणी वाढतंय."

"फ्लॅट न विकायचं नक्की झालंय, सर."

"फ्लॅट घेऊन मी कुठं जाऊ?"

त्यांना काय हवंय ते मला समजतं. मी कावळ्याला हात जोडतो. "पेपर रद्द होऊ देणार नाही. ऐच्छिक म्हणून ठेवू."

कावळा मान फिरवतो.

"बरं, चार क्रेडिटचा."

तो चोचीने पंख खाजवतो.

"अनिवार्य करू! मंडळाच्या अध्यक्ष सौंदत्ती मॅडम चिडतील, पण बघतो."

तो पाठ करून बसतो. पाणी सरांच्या कमरेला लागलंय.

"अरे, तो काय अभ्यासमंडळाचा सदस्य आहे?" सर ओरडतात. "समोरचा आपल्यासारखाच विचार करतो असं धरून चाललायस. गाढवा, मी जन्मभर दुसरं काय सांगत होतो? आधी त्याच्याकडे बघ तरी!"

मी बघतो. कावळा हळूच वळतो. त्याचा डोळा पिंडावर नाही, सरांवरही नाही. माझ्यावर आहे. दहाव्यालाही तो माझ्याकडेच बघत होता. मी मागच्या रांगेत होतो, म्हणून पुढच्या कुणाकडे बघत असेल असं मी ठरवून टाकलं होतं.

पाणी सरांच्या हनुवटीला. हजेरीतले आवाज पाण्याखालून येतायत, हजर, हजर.

"मी शिकवीन," मी म्हणतो. "मला त्यातलं ओ की ठो येत नाही. शिकून शिकवीन."

कावळा उतरतो. भातात चोच जाते, तो मऊ आवाज मला स्पष्ट ऐकू येतो. मी मान वर करतो तेव्हा नदी सपाट आहे. सर नाहीत.

"अहो, साडेतीन झाले. चहा गार होतोय."

मी उठून बसतो. समोर बायको. सोफा सोफाच आहे, पाय कोरडे आहेत.

"आणि बोटात काय अडकवलंय हे?" ती विचारते.

उजव्या अनामिकेत दर्भाची अंगठी आहे. बापाला पिंड देताना मुलाच्या बोटात असते तशी. हिरवी आणि ओली.

"काढा ती. मीटिंगला अशी घालून जाणार का?"

मी ओढून बघतो. गाठ पक्की आहे. गाठीत भाताचं एक शीत रुतलंय, अजून कोमट.