पाच साहेबांची नावं

शिंप्याच्या दुकानात कातरण कुणी मुद्दाम साठवत नाही. कापड कापलं की तुकडा खाली पडतो, पायाखाली राहतो, आणि एक दिवस झाडायला जावं तर पोतंभर निघतं! आमच्या रविवारच्या मंडळींच्या गोष्टींचं तसंच झालंय.

मी बेंगळूरच्या के. आर. पुरमचा जुना शिंपी. शाळेत गेलो नाही. मराठी अक्षरं बायकोने शिकवली. ती गेली, अक्षरं राहिली. त्यामुळे हळू लिहितो, तुम्हीही स्वल्प हळूच वाचा.

मंडळी म्हणजे चार जण. मीनल पुण्याची, मारतहळ्ळीला राहते, सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. लोबो वकीलबाई. राव सर, माझे शेजारी, पोस्टातून रिटायर झालेले. आणि मी, सगळ्यांचा अण्णा, मीनल तेवढी काका म्हणते. पाचवा केदार, मीनलचा नवरा. तो नाही म्हणून तर आम्ही जमतो.

केदार कंपनीच्या कामावर परदेशी गेला. कुठल्या देशात ते लिहीत नाही, कारण तो अजून तिथेच आहे. तिथल्या बांधकामावर मजुरांचे पासपोर्ट काढून घेतले होते. त्यांनी काम बंद केलं, तर त्यांना आत टाकलं. केदारने हे सगळं इंटरनेटवर लिहिलं, स्वतःच्या नावानिशी. मग त्यालाही आत टाकलं. म्हणे देशाविरुद्ध कट! वर्षभराने त्यांच्याच कोर्टाने सांगितलं, गुन्हा नाही, सोडा.

सोडला नाही. त्यालाही आता दोन वर्षं होत आली.

*

कोर्टाचा निकाल लागला तेव्हा मीनलने इकडे पेढे वाटले होते. माझ्याकडे आली, म्हणाली, "काका, तो आला की दोन शर्ट शिवायचेत. तुमच्याकडे माप आहेच."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. शेवटी तिने तिकडच्या जेलच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी नम्र. म्हणाला, "व्यक्ती सुरक्षित आहे. तब्येत चांगली आहे. चौकशी चालू आहे. तारीख सांगता येत नाही."

मीनल म्हणाली, "अहो, कोर्टाने सोडलंय ना? मग आता कसली चौकशी?"

"ते सांगता येत नाही."

तेव्हापासून ती दर गुरुवारी फोन करते आणि रविवारी आम्हाला काय उत्तर आलं ते सांगते. तीच चार वाक्यं, त्याच क्रमाने. राव सर आधी वहीत लिहून घ्यायचे. पुढे नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहायला लागले. मग एका रविवारी त्यांनी वहीच आणली नाही.

मी विचारलं, "सर, वही?"

म्हणाले, "कशाला अण्णा? झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन!"

*

लोबो वकीलबाई बोलायला कडक. पहिल्याच दिवशी माझ्या कटिंगच्या टेबलावर पाच फोटो मांडले. एक पोलिसांचा मोठा साहेब, एक सरकारी वकील, एक जेलचा प्रमुख, एक मंत्र्याच्या ऑफिसातला, आणि ज्याने सुटकेचा कागद दाबून ठेवला तो.

म्हणाल्या, "देशाविरुद्ध ओरडून काही होत नाही. देश म्हणजे कोणीच नाही. ही पाच माणसं आहेत. आपण वेगवेगळ्या सरकारांना लिहायचं की यांच्यावर निर्बंध लावा. तुमच्या देशात येऊ देऊ नका, यांची बँकखाती गोठवा, यांची घरं असतील ती सील करा."

राव सर विचारात पडले. म्हणाले, "वकीलबाई, म्हणजे पूर्वी गावात वाळीत टाकायचे, तसं?"

बाई म्हणाल्या, "उलटं. तिथे पंच लोक माणसाला वाळीत टाकायचे. आपण पंचांनाच टाका म्हणतोय!"

पत्रं गेली. पुष्कळ गेली. राव सरांनी पत्ते लिहिले, तिकिटं स्वतः लावली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सहा महिन्यांनी एका देशाचं उत्तर आलं. दोन ओळी. आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत.

राव सरांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "सगळी नोकरी मी पत्रं पोचवली. पत्र पोचलं म्हणून पत्र आलेलं आजच पाहतोय."

मीनल म्हणाली, "आणि सर, समजा सगळ्यांनी यांना बंदी घातली, तरी आपल्याकडे येतीलच की! गुडघे बदलायला सगळे बेंगळूरलाच येतात."

वकीलबाईंनी लगेच दिल्लीलाही एक पत्र टाकलं. त्याचं मात्र पोचल्याचं पत्रसुद्धा आलं नाही.

*

त्या पाच जणांची नावं लांबलचक. बापाचं, आजोबाचं, घराण्याचं, सगळं जोडून. वकीलबाईंचा नियम असा की बैठक सुरू होताना पाची नावं मोठ्याने घ्यायची. बाकीचे कागद बघून वाचायचे. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी ऐकून पाठ केली. मशीनच्या पायट्यावर बसवली. पाय खाली, एक नाव. पाय वर, पुढचं.

एकदा प्रेसवाल्यांना बोलावलं होतं. आले तिघेच, पण आले. आणि ऐन वेळी वकीलबाईंना यादी सापडेना! मीनलच्या फोनची बॅटरी गेलेली. मी कोपऱ्यात उभा होतो. म्हटलं, "मी सांगू?" आणि पाची नावं हुद्द्यासकट धडाधड म्हणून टाकली.

एक रिपोर्टर मुलगी बघतच राहिली. "अण्णा, हे तुमच्या ओळखीचे आहेत का?"

म्हटलं, "नाही बाई. माझी नातवंडं तीन आहेत. त्यांची पूर्ण नावं विचारलीत तर अडखळेन."

*

बॅनरचा किस्सा तर विचारू नका.

फ्रीडम पार्कला धरणं धरायचं ठरलं. ते पूर्वी जेल होतं, आता बाग आहे. मीनलने भिंतीकडे बघून विचारलं, "जेलची बाग होते?" राव सर म्हणाले, "होते अक्का. वेळ लागतो."

तर बॅनर. पाच साहेबांचे फोटो आणि केदारचा फोटो आम्ही छापायला दिले. कापडावरच छापा म्हटलं, काठ मी दुमडून घेईन. छापणारा आपल्या गल्लीतला. त्याने जन्मात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचेच बॅनर केलेले. हात सवयीने चालला! पाच साहेब मधोमध, भोवती गुलाबाची वेल, वर दोन कबुतरं. आणि खाली कोपऱ्यात, जिथे शुभेच्छुकांचे लहान लहान फोटो असतात, तिथे केदार. हसरा.

सकाळी धरणं, आणि आदल्या संध्याकाळी हे हातात. मीनलने बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग ते हसणं राहिलं नाही. मी पाणी दिलं, आणि काळ्या अस्तराच्या पट्ट्या कापून गुलाबावरून शिवत बसलो. कबुतरंही झाकली. केदारला कापून काढला आणि मध्ये आणून जोडला. मग सगळ्यावर इस्त्री. पाची तोंडांवरून इस्त्री फिरवली, एकेकाची सुरकुती काढली. तिसऱ्याच्या, जेलवाल्याच्या, डाव्या कानाखाली मोठा तीळ. तो मला आधी डाग वाटला. दोनदा घासला!

दुसऱ्या दिवशी पार्कात एक आजोबा आले, बॅनरला हात जोडले आणि विचारलं, "यातले कोण वारले?"

*

केदारला फोन करू देतात. कधी ते आधी कळत नाही. महिन्यातून एकदा, कधी तीन महिन्यांतून. मीनल अंघोळीलाही फोन घेऊन जाते. अट अशी की शिपायाला कळेल अशा भाषेत बोलायचं. इंग्रजी नाहीतर हिंदी. मराठी बोललं की लाइन कट.

एका रविवारी फोन आला तेव्हा ती आमच्यातच बसली होती. मी बाहेर जायला उठलो, तर तिने हाताने थांबवलं.

आता ही नवराबायको, घरात मराठीशिवाय शब्द नाही. आणि दोघं हिंदीत बोलत होती. "आप कैसे हैं?" "मैं ठीक हूँ. आप?" एखाद्या बँकेत बोलावं तसं. हवा विचारली. तिने ट्रॅफिक सांगितला, बेळ्ळंदूरला पूल दुरुस्तीला घेतलाय ते सांगितलं. तो हो हो म्हणत होता.

आणि तो चुकून बोलून गेला, "जेवलीस का?"

लाइन कट.

ती रिकाम्या फोनमध्ये म्हणाली, "हो, जेवले."

*

मग तिकडच्या सरकारने एक व्हिडिओ काढला. बोभाटा व्हायला लागला होता, म्हणून. केदार खुर्चीवर बसलाय, 'मी बरा आहे' म्हणतोय. अर्ध्या मिनिटाचा.

वकीलबाई म्हणाल्या, "आता अवघड झालं. ते म्हणणार, बघा, तब्येत उत्तम आहे."

मी म्हटलं, "परत लावा."

अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. माझ्या हातचा. मी चार वेळा बघितला, मापाच्या वहीकडे हात नेला आणि मागे घेतला.

मीनल म्हणाली, "काका, जे दिसतंय ते सांगा."

मी वही काढली. केदारचं पान. छाती चाळीस, खांदा अठरा, उजवा खांदा अर्धा इंच उतरता. ऑफिसची बॅग त्याच खांद्यावर न्यायचा, म्हणून. मी शिलाई तशीच दिली होती. आता व्हिडिओत खांद्याची शिवण दोन्हीकडे दंडावर आली होती. कॉलरमध्ये चार बोटं गेली असती. आणि उजवा नाही, डावा खांदा खाली होता. एवढा, की त्या बाजूला शर्टाला सळ पडला होता. माणूस वाळला म्हणून खांदा असा पडत नाही. काहीतरी मोडून वाकडं जुळलं तरच पडतो.

हे सगळं मी तिच्यासमोर सांगितलं. अजून वाटतं, आधी तिला बाहेर पाठवायला हवं होतं.

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र टाइप केलं. विचारलं, "अण्णा, शिक्षण काय लिहू?"

म्हटलं, "काही नाही. आयुष्यभर माणसं मोजली, तेवढं लिहा."

त्यांनी तेच लिहिलं. माझ्या वहीच्या पानाची झेरॉक्स त्याला जोडली. ती आता चार देशांच्या फायलीत आहे.

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

मारतहळ्ळीच्या पुढे एका मोठ्या हॉस्पिटलजवळ हॉटेल आहे. पेशंट लोक, परदेशचे, तिथे उतरतात. कुणाला सूट शिवायचा असला की मॅनेजर मला बोलावतो. गेलो. पेशंट खुर्चीत बसलेला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बरोबर एक सेक्रेटरी, तो हिंदी बोलत होता. कापड त्यांनी आणलेलं होतं, राखाडी, फार उंची. शुक्रवारी परत जायचंय, त्याआधी हवा.

माणूस सभ्य होता. माझ्यासाठी चहा मागवला, खजूर पुढे केले. मी छाती घेतली, खांदा घेतला. दोन्ही खांदे सारखे. कॉलरचं माप घ्यायला टेप मागून फिरवली, आणि डाव्या कानाखाली तीळ दिसला.

टेप तशीच धरून उभा राहिलो. मग खाली बसून पायाचं माप घेतलं, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता. कापडाला चिठ्ठी लावतात, म्हणून नाव विचारलं. त्याने पहिला भाग सांगितला. बाकीचं मी म्हटलं, बापाचं, आजोबाचं, घराण्याचं.

तो खूश झाला. सेक्रेटरीमार्फत विचारलं, "मला ओळखता?"

"दर रविवारी नाव घेतो साहेब."

त्याला वाटलं प्रार्थनेत. हसला, छातीवर हात ठेवला.

मी तडक वकीलबाईंना फोन केला. त्यांनी तीन ऑफिसांना लिहिलं. तिन्हीकडून काही नाही. शुक्रवार आला. कापड माझ्या टेबलावर होतं, खडूने आखून ठेवलेलं. कात्री चालत नव्हती. साहेब सुटाशिवाय गेले.

रविवारी आम्ही चौघं बसलो असताना फोन वाजला. सेक्रेटरी, तिकडून. माझ्या हातात सुई-दोरा, म्हणून राव सरांनी स्पीकर लावला. तो हिंदीत बोलला, मी आपलं मराठीत लिहितो.

"साहेबांच्या कापडाचं काय झालं?"

माझ्या तोंडातून आपोआप आलं, "कापड सुरक्षित आहे."

राव सरांनी मान वर केली.

"ते ठीक आहे, पण खराब झालं नाही ना?"

"तब्येत चांगली आहे."

"म्हणजे? कधी मिळेल?"

"चौकशी चालू आहे. तारीख सांगता येत नाही."

तो चिडला. "कापडाची कसली चौकशी?"

मी मीनलकडे बघितलं. ती उठली, फोनजवळ आली, आणि अगदी नम्र आवाजात म्हणाली,

"ते सांगता येत नाही."